वाढत्या अंगाची टाकी

मास्तरांच्या दुकानात मासे आले ते मुलांनी नीट उभं राहावं म्हणून. शौक नंतर लागला.

मास्तर शाळेचे गणवेश शिवतात. पंचवीस वर्षं तेच काम. शाळा उघडायच्या आधीच्या दोन महिन्यांत चारशे मुलं त्यांच्या दुकानात येऊन जायची आणि त्या चारशेंतलं एकही सरळ उभं राहायचं नाही. खांद्याला टेप लावला की खांदा वर. कमरेला लावला की गुदगुल्या. आया दरडावायच्या, "हलू नकोस, नाहीतर मास्तर सुई टोचतील." मास्तरांनी जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती. तरी चारशे घरांत त्यांचं नाव इंजेक्शनवाल्या डॉक्टरच्या जोडीनं घेतलं जायचं.

एकदा ते दोरा आणायला बाजारात गेले आणि वाटेत माशांच्या दुकानासमोर थांबले. एका बरणीत काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडं मोठं काहीतरी उभं होतं. काडीला पुढे चोच होती. मास्तर पाच मिनिटं बघत राहिले. काडी हलली नाही.

"मेलाय का हा?"

"नाही हो. मगरमासा आहे. हा असाच. खातो आणि उभा राहतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

दोरा आणायचा राहूनच गेला. मास्तर बरणी घेऊन घरी आले.

बरणी त्यांनी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवली. दुसऱ्या दिवशी आलेल्या पहिल्याच मुलाला विचारलं, "आधी कोण हलतं बघू. तू का तो?" मुलगा पुतळा झाला. मास्तरांनी खांदा, छाती, कंबर, बाही एका दमात उरकली. मुलगा शेवटी हरला, कारण त्याला शिंक आली. पण तोवर पँटची लांबीही झाली होती.

एक मासा चारशे मुलांना पुरणार नाही, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली आणि आणखी तीन आणले. दुकानदारानं एकाच बादलीतून काढून दिले. सगळे एकाच नावाचे, एकाच मापाचे. महिनाभरात मास्तरांच्या लक्षात आलं की हे चौघं भावंडं नाहीत. एकाची चोच सुईसारखी वाढत चालली होती. एकाची आखूडच राहिली. एकाच्या अंगावर ठिपके उमटले, थेट डोक्यापर्यंत. आणि चौथ्याची चोच रुंद होत होत चपटी झाली. मास्तर दुकानदाराकडे गेले.

"अहो, लहानमोठं असायचंच. पाच बोटं सारखी असतात का?"

"पाच बोटं एका हाताची असतात," मास्तर म्हणाले. "ही चार हातांची आहेत."

मग रद्दीवाल्याकडून एक जाडजूड सचित्र पुस्तक आलं. त्यात कळलं की या माशांना गार म्हणतात आणि त्यांच्या सातेक जाती आहेत. लांब नाकाचा, आखूड नाकाचा, ठिपक्यांचा आणि मगरीच्या जबड्याचा, असे चार नमुने मास्तरांच्या हाती आपसूक लागले होते. जाती ओळखायच्या तर डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत किती आणि डोळ्यापासून कल्ल्यापर्यंत किती, ते पडताळायचं. मास्तरांना हे वाचून भरून आलं. म्हणजे मापं घ्यायची. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

त्यांनी मापांच्या वहीत चार नवी पानं घातली. शिंप्याच्या घरात नावं शोधायला लांब जावं लागत नाही. लांब नाकाचा तो दाभण. आखूड नाकाची कैची. ठिपक्यांचं छीट. आणि चपट्या, जड तोंडाची ती इस्त्री.

घर म्हणजे पुढच्या खोलीत दुकान आणि मागे दोन खोल्या. पुढच्या खोलीत सहा फूट बाय चार फुटांचं कापायचं टेबल, बायकोचं काज-बटणांचं मशीन, ट्रायलचा पडदा आणि भिंतीलगत टाक्या. शिवाय दारापाशी खुर्चीत मास्तरांचे वडील. त्यांनी एका गोदामावर छत्तीस वर्षं पहारा केला होता. निवृत्त झाल्यावर त्यांना पहाऱ्याला काही उरलं नव्हतं. आता चार मासे मिळाले. ते खुर्ची टाकीसमोर ओढून बसायचे. ते माशांकडे बघायचे, मासे त्यांच्याकडे बघायचे. दुपार व्हायची.

"बाबा, जेवायला चला," सूनबाई म्हणायची.

"थांब. हिची ड्यूटी संपू दे. ही झोपलेली नाही बरं का. ही उभी आहे. गोदामावर असा एक माणूस मिळाला असता ना, तर..."

"तर तुम्ही घरी जेवायला आला असता. चला."

हे मासे अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतात. टचक असा आवाज होतो. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनं गिऱ्हाईक म्हणायचं, "इस्त्रीला उचकी लागली."

इस्त्री सगळ्यांत भराभर वाढली. बरणीतून डब्यात, डब्यातून लहान टाकीत. ती एक फुटाची झाली तेव्हा मास्तरांनी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हण्याचा काचेचा धंदा. चपलांचं एक दुकान बंद पडलं होतं, त्याच्या शोकेसच्या काचा त्याच्याकडे पडून होत्या.

"दाजी, पाच फूट लांब होईल. रुंदी मात्र पंधरा इंचच निघेल. चपला ठेवायचं कपाट होतं ते."

मास्तरांनी क्षणभर हिशेब केला. बारा इंचांचा मासा, साठ इंचांची टाकी. गणवेश शिवताना प्रत्येक आई सांगते, "वाढत्या अंगाचं शिवा हो मास्तर." मास्तर पँटला चार बोटं दुमड ठेवतात, बाहीला दोन बोटं. इथे तर चार फूट दुमड होती.

"कर," ते म्हणाले. "अशी वाढत्या अंगाची टाकी कुणी शिवली नसेल."

"शिवली नाही, दाजी. चिकटवली."

"तेच ते."

इथपर्यंत बायकोची फारशी तक्रार नव्हती. माशांच्या कोळंबीचा डबा आणि आपल्या भाजीचा डबा फ्रिजमध्ये शेजारी नको, एवढंच. पण एके दिवशी मुख्याध्यापक पांढऱ्या पँटच्या ट्रायलला आले. ते पडद्याबाहेर येऊन आरशासमोर उभे राहिले आणि त्याच वेळी कुणाच्या तरी पोरानं इस्त्रीच्या काचेवर टिचकी मारली. तासन् तास न हलणारा मासा हलतो तेव्हा सगळा साठा एकदम काढतो. इस्त्री उसळली, झाकण उडालं, शेपटीनं अर्धी बादली पाणी बाहेर फेकलं. मुख्याध्यापक पडद्याआड परत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या संध्याकाळी बायकोनं मशीन थांबवलं. ती मशीन थांबवून बोलली की तो कायदा असतो.

"अहो, ऐका. तीन फुटांच्या वरचं जे जे या घरात आहे, ते काम करतं. इस्त्री तीन फुटांची झाली, की मत्स्यालयात."

"मग मी?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही राखण करता, बाबा."

वडील समाधानानं टाकीकडे वळले. मास्तरांनी मान डोलावली. तीन फूट तेव्हा फार लांब होते. आणि इस्त्री जाणार हा विचार त्यांच्या मनातच आला नव्हता. तो नंतर आला, आणि मग जाईना.

इथे मास्तरांच्या नजरेबद्दल सांगायला हवं. गावात त्यांची नजर प्रसिद्ध होती. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच ते आकडा सांगायचे. "छाती अडतीस, कंबर चौतीस. गेल्या वेळी बत्तीस होती." मग टेप लावायचे. टेप अडतीस म्हणायचा. लोक यावर चहाच्या पैजा लावत आणि मास्तरांवर लावलेली पैज आजवर कुणी हरलं नव्हतं. टेप हा मास्तरांच्या मते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो.

माशाला टेप लावता येत नाही. म्हणून माशांची मापं नजरेनंच घेतली जात. दर रविवारी मास्तर टाकीसमोर उभे राहायचे, एक डोळा बारीक करायचे आणि वहीत लिहायचे. इस्त्री अठ्ठावीस. इस्त्री एकतीस. इस्त्री तेहतीस. तेहतीसच्या पुढे पेन्सिल जड झाली. चौतीस लिहायला एक महिना लागला. पस्तीसवर आल्यावर वही कपाटावर गेली.

तीन महिने इस्त्री पस्तीसच होती.

"अहो, हिची वाढ खुंटली का?" बायकोनं बटण लावता लावता विचारलं.

"या जातीत असं होतं. मधे थांबतात."

"पस्तीसला?"

"साधारण पस्तीसला."

बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी पंचवीस वर्षांत कुणाचं माप अर्ध्या इंचानं चुकवलं नव्हतं. पोट सुटलेल्या माणसाला त्यांनी तोंडावर बेचाळीस सांगितलं होतं, त्याच्या सासऱ्यांसमोर. आणि आता ते एका माशासाठी खोटं लिहीत होते. त्यांना जेवण जाईना. इस्त्री जाणार म्हणून एक घास अडायचा आणि पस्तीस लिहिलंय म्हणून दुसरा.

शेवटी एका रविवारी भर दुकानात, तीन गिऱ्हाइकं आणि मेव्हणा समोर असताना, ते बोलून गेले. "छत्तीस. छत्तीस झालेत. आजचे नाहीत, बऱ्याच दिवसांचे आहेत."

कुणी काही विचारलं नव्हतं. एक गिऱ्हाईक घाईनं म्हणालं, "माझी चौतीसच असेल हो."

मेव्हण्यानं मत्स्यालयात निरोप दिला. आठवड्यानं तिथल्या बाई आल्या. पायात रबरी बूट, बरोबर एक मोठा टब आणि मधोमध उभा चिरलेला रुंद पाइप. त्यांनी टाकीत पाहिलं, मग मास्तरांकडे.

"किती आहे म्हणालात?"

"छत्तीस."

"मोजलंय?"

मेव्हणा मधे पडला. "बाई, दाजींनी बघितलंय."

"मला मोजावं लागेल. आमच्या टाकीत या जातीचा एक आहे, सहा फुटांचा. तीस इंचांच्या खालचं काही दिसलं की तो त्याला पाहुणा समजत नाही. जेवण समजतो."

"बिनधास्त मोजा," मास्तर म्हणाले. त्या दुःखातही त्यांचा आवाज थोडा चढला.

अंग खरचटू नये म्हणून मास्तरांनी कोटाचं गुळगुळीत अस्तर भिजवून पाइपात अंथरलं. बाईंनी आणि मेव्हण्यानं जाळ्यातून इस्त्रीला उचलून त्यावर ठेवलं. तिच्या अंगावर खवले नव्हतेच जणू, फरशी बसवली होती. बाईंनी ओलं फडकं तिच्या डोळ्यांवर टाकलं. इस्त्री नेहमीप्रमाणे उभी राहिली, म्हणजे आडवी. मास्तरांनी टेप लावला. नाकापासून शेपटीपर्यंत. मग परत लावला. मग टेप उलटा धरलाय का ते बघितलं.

"किती?" बायकोनं विचारलं.

बाईंनी वाकून वाचलं.

"सत्तावीस."

दाभण वर आला, टचक करून खाली गेला.

"टाकीत मोठं दिसतं," बाई इस्त्रीला पाण्यात सोडता सोडता म्हणाल्या. "काचेतून बघितलं की पाण्यातली वस्तू जवळ वाटते आणि मोठी वाटते. तिसऱ्या हिश्शानं वाढवून बघता तुम्ही. सगळ्यांचंच होतं असं."

"सगळ्यांचं होईल," मास्तर म्हणाले. "माझं कसं होईल?"

बायको हिशेब करत होती. "म्हणजे तुम्ही पस्तीस सांगत होता..."

"हो."

"खोटं?"

"हो."

"खोटं बोलूनसुद्धा आठ इंच जास्त?"

मेव्हणा पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. वडिलांनी त्याला हातातल्या काठीनं टोचलं.

बायकोच्या कायद्याप्रमाणे मास्तर जिंकले होते. सत्तावीस म्हणजे तीन फूट नव्हे. इस्त्री राहणार होती. पण बाई अजून टाकीसमोरून हलल्या नव्हत्या. त्यांनी हातानं टाकीची रुंदी मोजली.

"पंधरा इंच. ही वळते कशी?"

"ती वळत नाही," वडील म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"दिवसातून दोनदा वळते. सकाळी दिवा लावला की आणि संध्याकाळी. शेपूट घासते काचेला. बाकी वेळ टोकापर्यंत जाते आणि तशीच मागे मागे येते. गोदामात ट्रक यायचे ना, तशी."

"बाबा, मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी? मी रजिस्टर भरत नाही, पहारा करतो."

बाईंनी मास्तरांना वरून बघायला सांगितलं. वरून, काचेतून नाही. इस्त्रीची पाठ सरळ नव्हती. शेपटीच्या जरा अलीकडे डावीकडे झुकली होती. मास्तरांनी अशा पाठी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. एकाच खांद्यावर दप्तर घेणाऱ्या मुलांच्या, टेबलावर वाकून जन्म काढलेल्या कारकुनांच्या. तशा पाठीचा कोट वेगळा कापावा लागतो. इथे पाठच टाकीच्या मापानं बेतली जात होती.

लांबीला त्यांनी चार फूट वाढ धरली होती. अंगाला सैल किती, ते बघितलंच नव्हतं. कापडाला ते चालतं. कापड माणसाबरोबर वळतं. काच वळत नाही. शिकाऊ पोरानं अशी चूक केली असती तर मास्तरांनी त्याला आठवडाभर नुसती बटणं लावायला बसवलं असतं.

"कोवळी आहे अजून," बाई म्हणाल्या. "रुंद टाकीत राहिली तर पाठ सुधारेल. तीस इंच झाली की मी नेते. तोवर चार फूट रुंद टाकी बघा. नाही जमलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. टब उचलला आणि गेल्या.

चार फूट रुंद टाकीला त्या घरात एकच जागा होती आणि तिथे कापायचं टेबल होतं. ते मास्तरांचं पहिलं सामान. लग्नाआधी दोन वर्षं ते त्याच टेबलावर झोपले होते. मेव्हण्यानं टेबलाकडे बघितलं, बायकोनं मास्तरांकडे.

"काढ," मास्तर म्हणाले.

"दाजी, कापड कुठे कापणार?"

"खाली बसून. आधी खालीच कापायचो."

"आधी गुडघे वीस वर्षांचे होते," बायको म्हणाली.

टेबलाचे पाय काढले, त्याच्या जागी मेव्हण्यानं चार फूट रुंद टाकी बसवली आणि फळा मागच्या खोलीत भिंतीला उभा केला. तो स्वयंपाकघराच्या दारात दीड फूट आला. आता आत जायचं तर आडवं व्हावं लागायचं. बायको पातेलं घेऊन आत गेली आणि तशीच पाठीनं बाहेर आली.

"बघितलंत? आता मला वळता येत नाही."

"तीस इंच होऊ दे. मग जाईल ती."

"नक्की?"

"नक्की."

"मी दिवस मोजतेय," ती म्हणाली. "आणि मी मोजते तेव्हा बरोबर मोजते."

पुढचे काही महिने गिऱ्हाइकांना जड गेले. मास्तर आधी टेप लावायचे, दोनदा वाचायचे आणि मग हळूच आकडा सांगायचे. लोक घाबरले. एकानं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वगैरे?" चहाच्या पैजा बंद पडल्या. मास्तर जमिनीवर गुडघ्यांवर बसून कापड कापायचे. उठताना भिंत धरायचे. भिंतीच्या जागी टाकी होती, म्हणून टाकी धरायचे.

पण इस्त्री वळू लागली. पहिल्या दिवशी ती जुन्या सवयीनं टोकापर्यंत गेली आणि मागे मागे आली. तिसऱ्या दिवशी मधेच थांबली, जराशी वाकली आणि वळली. शेपूट कुठेच लागली नाही. ती पुन्हा वळली. मग दिवसभर तेच. वडिलांनी बत्तीसपर्यंत मोजलं आणि दमले.

"ही आता पहारा करत नाही," ते म्हणाले. "ही फेऱ्या मारते. बढती झाली हिची."

टाकी बायकोच्या मशीनला अगदी लागून आली होती. दुसरीकडे मशीनला जागाच नव्हती. पहिला आठवडा तिनं टाकीकडे पाठ केली. दुसऱ्या आठवड्यात उजेड नीट येत नाही म्हणून तोंड केलं. मास्तर खाली बसून कापड कापत असायचे, त्यामुळे ते टाकीपलीकडून दिसत नसत. ते तिथे आहेत हे बायको विसरायची. एका दुपारी मास्तरांना तिचं बोलणं ऐकू आलं.

"...आणि वर म्हणतात, मीठ कमी आहे. स्वतः उठून घ्यायचं नाही. तुला काय वाटतं?"

टचक.

"तेच म्हणते मी."

मास्तर खडू हातात धरून बसून राहिले. मग त्यांना कळलं की हे रोजचं आहे. शेजारणीचं, भावाचं, मास्तरांच्या न बदलणाऱ्या बनियनचं, सगळं इस्त्रीपाशी जमा होत होतं. मशीन सुरू झालं की इस्त्री त्या कोपऱ्यात यायची. मशीन थांबलं की फेरीला जायची. या घरात दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेणारी ती एकटीच असावी. मास्तरांनी एक गोष्ट केली. बनियन बदलला. बायकोनं विचारलं, "आज काय विशेष?" ते म्हणाले, "काही नाही."

पाच महिन्यांनी मत्स्यालयाच्या बाई परत आल्या. गाडी दाराशी लावली. टब, पाइप, सगळं तेच. मास्तरांनी त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. दाढी केली होती. त्यांनी मनाची तयारी केली होती, म्हणजे सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते. मागच्या खोलीतला टेबलाचा फळा पुसून ठेवला होता. वडील खुर्चीत सरळ बसले होते.

अस्तर भिजवलं. इस्त्रीला पाइपात ठेवलं. बाईंनी शेपटीकडे धरलं, मास्तरांनी डोक्याकडे. बाईंनी पाठीवरून बोट फिरवलं. "छान. सरळ झाली की."

"टेप मी लावते," बायको म्हणाली. "यांच्या नजरेचं काही खरं नाही."

तिनं टेप लावला. मास्तर तिच्यासमोरच होते. मधे काच नव्हती, पाणी नव्हतं. कोरड्या हवेत मास्तरांची नजर शाबूत होती. एकतीस. पाव इंच इकडे नाही की तिकडे नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आकडा आधी दिसला. त्यांना एकदम बरं वाटलं, आणि लगेच वाईट.

बायको वाचत होती. जरा जास्तच वेळ वाचत होती.

"साडेएकोणतीस," ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली. "नीट बघा, ताई."

"नीटच बघतेय. साडेएकोणतीस. तुमच्यात तीस लागतात ना?"

तिचा अंगठा टेपाच्या टोकावर होता आणि टोक नाकाच्या चांगलं मागे, डोळ्यांकडे सरकलं होतं. असा टेप धरल्याबद्दल मास्तरांनी कुणालाही दुकानाबाहेर काढलं असतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती इस्त्रीच्या डोळ्यांवरचं फडकं सारखं करत होती. सारखं असलेलं फडकं पुन्हा सारखं करत होती.

वडील खाकरले. पण बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगा. किती आहे?"

मास्तरांनी घसा साफ केला. बेचाळीसची कंबर सासऱ्यासमोर बेचाळीस सांगणारा हा माणूस. त्यांनी बायकोच्या हातातून टेप घेतला, दोन बोटांत चोळून बघितला.

"टेप ओला आहे, बाई," ते म्हणाले. "कापडी टेप ओला झाला की आटतो. आटला की माप जास्त दाखवतो. खरं बघायला गेलं तर एकोणतीससुद्धा नसेल."

बाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग बायकोकडे, मग त्या चार फूट रुंद टाकीकडे. मग त्यांनी आणि मास्तरांनी मिळून इस्त्रीला पाण्यात सोडलं. इस्त्री एकदा वळली आणि मशीनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"ही टाकी तिला अजून थोडे दिवस पुरेल," बाई म्हणाल्या. "थोडेच. मी दोन महिन्यांनी येते. तेव्हा टेप मी आणीन. पोलादी."

"या ना," बायको म्हणाली. "आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

ती चहा ठेवायला आडवी होऊन स्वयंपाकघरात शिरली. मास्तर तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. फळ्यामुळे पुढे जाता येईना. तिनं आतूनच, मागे न बघता विचारलं,

"अहो, खरंच आटतो का टेप?"

"आटतो."

"किती?"

मास्तरांनी विचार केला.

"गरजेपुरता," ते म्हणाले.